देवदत्त बोकारेचे पक्के होकार

देवदत्त बोकारेला राग पटकन येतो असं अमेरिकेतल्या नोव्हाय गावचे लोक सांगतात, ते काही खरं नाही. राग त्याला येत नाही, राग त्याच्याकडे कायमचा मुक्कामाला आहे. नागपुरात वाढलेला हा माणूस मिशिगनच्या बर्फात इतकी वर्षं राहिला, पण डोकं काही थंड झालं नाही. पोटापाण्याचा धंदा मात्र कमालीच्या शांततेचा. गाडीचे ब्रेक लावताना किंचाळतात का, हे तपासणं हे त्याचं काम. गोठवलेल्या खोलीत चाक फिरवायचं, ब्रेक दाबायचा आणि कान देऊन ऐकायचं. तिथे त्याचा आवाजही कोणी ऐकलेला नाही. बाहेर पडला की तो माणूस वेगळा.

रागाचं मूळ त्याच्या घरातच होतं. मोठी मुलगी रुचा तीन वर्षांची असताना तो बायकोला, सुवर्णाला, आणि तिला घेऊन इथे आला. धाकटा आर्य इथेच जन्मला, म्हणून घरातला एकुलता एक अमेरिकन नागरिक पाचवीत होता. बाकी तिघं व्हिसावर. देवदत्तने ग्रीन कार्डाचा अर्ज केला त्याला युग लोटलं होतं आणि भारतीयांची रांग गोगलगायीच्या गतीने सरकत होती. या रांगेतला सगळ्यात दुष्ट नियम असा, की मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापाच्या अर्जातून त्याचं नाव गळतं. रुचाला मे महिन्यात एकवीस पूर्ण होणार होती. त्या दिवसापासून ती परदेशी विद्यार्थिनी. नर्सिंगचं शिक्षण संपलं आणि नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नशिबाने साथ दिली नाही, की तिने ‘आपल्या देशात’ परत जायचं. तो आपला देश तिने उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत पाहिलेला, आणि तिथल्या दुकानांच्या पाट्या वाचायला तिला आजही कोणीतरी लागतं.

वकील म्हणाला, वाट बघा. खासदाराच्या ऑफिसातून उत्तर आलं, आम्हाला सहानुभूती आहे. सहानुभूतीला काय जाळायचंय, असं देवदत्त म्हणाला आणि त्याने ते उत्तर टराटरा फाडलं.

मग जानेवारीत त्याने मॅगी कोवाल्स्कीला ऐकलं. ही बाई अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभी होती, आणि तिच्या पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक मिशिगनमध्ये फेब्रुवारीअखेर होणार होती; त्यात मतदार कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. बाप फाउंड्रीत राबलेला, ती स्वतः तरुणपणी शहराची बस चालवणारी. मोठे देणगीदार तिला विचारत नव्हते आणि टीव्हीवाले तिला हसत होते. पण वॉरन गावच्या युनियन हॉलमध्ये त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कामाच्या बुटांतली माणसं, शिफ्ट संपवून आलेल्या नर्सेस, घसा बसेपर्यंत ओरडणारे म्हातारे. भाषणाच्या मध्येच ती म्हणाली, “आपल्या शाळांत शिकून मोठ्या झालेल्या पोरांना वाढदिवसाची भेट म्हणून घराबाहेर काढणारा कायदा मी पहिल्या वर्षात मोडीत काढीन.” एवढ्या मोठ्या देशात कोणीतरी त्याच्या पोरीबद्दल बोललं होतं, आणि तेही तावातावाने.

दुसऱ्याच दिवशी तो कोवाल्स्कीच्या नोव्हायच्या ऑफिसात हजर झाला. ऑफिस म्हणजे बंद पडलेलं गाद्यांचं दुकान. तिथला कारभार डेनीस नावाची बाई बघायची. जन्मभर अॅक्सलच्या कारखान्यात काढलेली, सत्तरी ओलांडलेली, तोंडाने फटकळ. देवदत्तने आल्याआल्या सांगून टाकलं, की मला मत नाही. ती म्हणाली, “पाय आहेत ना?” पिझ्झासाठी वर्गणीची टोपी फिरली की तो ती तशीच पुढे सरकवायचा. व्हिसावाल्याने प्रचाराला पैसा द्यायचा नाही असा कायदा आहे. घाम मात्र फुकट द्यायला पूर्ण परवानगी.

तो म्हणाला, “आमची मराठी घरं मला द्या. माझ्याशिवाय त्यांना कोणी सांगू शकणार नाही.”

हे बोलताना त्याची छाती फुगली होती, हे सांगितलंच पाहिजे.

दारोदार जाण्याची पद्धत साधी होती. फोनवर मतदाराचं नाव उघडायचं, बोलायचं आणि एक ते पाच असा आकडा द्यायचा. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधी. डेनीसची माणसं बर्फात दारात उभी राहून दोन मिनिटांत आकडा टाकून पुढे जात. देवदत्तला प्रत्येक घरी तास लागायचा. बूट काढायचे, सोफ्यावर बसायचं, चहा, चिवडा, संक्रांतीचे उरलेले तिळगूळ. आई कशी आहे, नागपूरला कधी जाणार, रुचा कितव्या वर्षाला. मग तो रुचाचं सांगायचा. सांगताना आवाज चढायचा, ऐकणारे मान हलवायचे. “हो रे, देवदत्त. हे काय सांगायला पाहिजे? तुझंच काम समज.” तो बाहेर गाडीत बसून नवऱ्याच्या नावापुढे एक टाकायचा आणि बायकोच्या नावापुढेही एक.

सगळ्यांत आधी, फेब्रुवारी लागताच, तो अतुल सबनीसांकडे गेला होता, कारण ते हो म्हणाले की मंडळ हो म्हणतं. अतुलकाका म्हणजे मराठी मंडळाचे पहिले अध्यक्ष. मोटार कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांच्या काळी एका हिवाळ्यात ग्रीन कार्ड मिळवलेले. रुचाच्या बारशाला नाही, पण पुढच्या प्रत्येक वाढदिवसाला हजर असलेले. त्यांनी देवदत्तचं सगळं ऐकलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “रुचा आम्हाला नातीसारखी आहे. काळजी करू नकोस.” पद्मिनीकाकूंनी बेसनाचे लाडू डब्यात भरून दिले. देवदत्त घरी आला तो तरंगतच.

सुवर्णाने डबा उघडून पाहिला आणि विचारलं, “हो म्हणाले का खरंच?”

“म्हणजे काय? तोंडावर म्हणाले.”

“तोंडावर तर माझ्या मावसबहिणीला बघायला आलेले सगळेच हो म्हणायचे,” सुवर्णा म्हणाली. देवदत्तने ते कानाआड केलं.

डेनीसनेही तेच विचारलं, तिच्या पद्धतीने. फोनवरचे आकडे बघून तिने चष्मा कपाळावर चढवला. सगळा मोहल्ला एक नंबर असलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. ती म्हणाली, “शेवटच्या रविवारी पुन्हा जा. मतदानाच्या दिवशी पुन्हा. एक नंबरवाल्यांनाच हाताला धरून न्यावं लागतं.”

देवदत्तला हे लागलं. वडीलधाऱ्यांनी शब्द दिल्यावर पुन्हा दार वाजवायचं म्हणजे तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. हे असलं आमच्यात चालत नाही, असं त्याने डेनीसला जरा घुश्शातच सुनावलं. मतदारांना न्यायच्या गाड्या दुसरीकडे पाठवा, आमचे लोक आपापल्या गाड्यांनी येतील. डेनीसने खांदे उडवले आणि शेवटच्या दिवसाच्या गाड्या हायवेपलीकडच्या अपार्टमेंटांकडे वळवल्या.

इथे मला देवदत्तचाच राग येतो. अरे, तू नागपूरचा. ‘बघू’ म्हणजे नाही आणि ‘नक्की बघू’ म्हणजे मुळीच नाही, हे तुला आईच्या दुधाबरोबर कळलेलं. लग्नाच्या पत्रिका वाटताना ‘येतोच’ म्हणणारे किती जेवायला येतात, याचा अंदाज बांधण्यात तुझी हयात गेली. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते उगीच नाही.

मतदानाच्या मंगळवारी त्याने रजा टाकली होती. रुचा सुट्टीवर घरी आली होती, आणि डेनीसला ड्रायव्हर कमी पडत होते म्हणून रुचाने घरची व्हॅन घेतली. बापाच्या या धावपळीत ती कधी पडली नव्हती. सकाळी निघताना ती फक्त म्हणाली, “बाबा, आय नो यू मीन वेल. बट प्लीज डोन्ट बेग.”

“हक्काचं मागायला भीक म्हणतात का?”

“इट्स नॉट युअर हक्क, बाबा. दॅट्स द पॉइंट.”

दुपार कलली तरी बापलेक म्हाताऱ्या कामगारांना मतदान केंद्रावर नेत-आणत होते. तेवढ्यात डेनीसचा फोन आला. कोण मत देऊन गेलं, ते तिची माणसं केंद्रावर बसून टिपत होती. ती म्हणाली, “तुझे पक्के लोक कुठे आहेत? पोस्टाने दोघातिघांचं मत आलंय, सबनीस वगैरे. बाकी कोणी फिरकलेलं नाही.”

देवदत्तने एकामागून एक फोन लावले. घंटी वाजत राहायची, नाहीतर निरोप ठेवा म्हणून आवाज यायचा. चार घरांची दारं वाजवली, चारही बंद. शेवटी सुवर्णाने फोनवर आठवण करून दिली, की आज मंडळाच्या मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमाची रंगीत तालीम आहे. सगळे हॉलवर असतील.

मतदान आठला बंद होणार होतं. हॉलवर पोचेपर्यंत अंधारून आलं होतं आणि बर्फ भुरभुरत होता. आत हीटर, चहाचा वास आणि स्टेजवर झब्बे-नऊवारीतली मंडळी. अतुलकाका माइकपुढे उभे राहून भाषणाची तालीम करत होते. विषय होता, आपली भाषा, आपली संस्कृती आणि पुढची पिढी.

देवदत्त बूट न काढता थेट पुढे गेला. त्याच्या मागे, दाराशी, गाडीची चावी हातात घेऊन रुचा.

“ये रे, ये. चहा घे आधी,” काका म्हणाले.

“चहा नको. मतं कोणी कोणी दिली ते सांगा.”

हॉलमध्ये सगळ्यांना एकदम खुर्च्या सरळ करायची आठवण झाली. कोणी म्हणालं, अरे, जाणारच होतो. कोणी म्हणालं, रस्ते बघ कसे झालेत. एक जण म्हणाला, “एका मताने काय फरक पडतो यार?” देवदत्तचं कपाळ तापलं, पण अजून त्याला एक आधार होता.

“काका, तुम्ही तरी सांगा यांना. तुमचं मत पोस्टाने कधीच पोचलंय, मला कळलं. तुम्ही सांगितलंत की हे उठतील.”

अतुलकाकांनी माइक बंद केला. “देवदत्त, हे आपण नंतर बोलू.”

“नंतर नाही. आठला बंद होतं.”

“मी मत दिलंय,” काका हळू म्हणाले. “पण त्या बाईला नाही. मी दुसऱ्या पक्षाची मतपत्रिका मागवली होती.”

“कधी?”

“जानेवारीतच. भरून पाठवूनही दिली.”

देवदत्तला आधी नीट उमगेना. मग उमगलं. तो सोफ्यावर बसून पोरीचं गाऱ्हाणं सांगत होता, तेव्हा यांचं मत पोस्टाच्या पेटीत पडून गेलेलं होतं. यांनी त्यानंतर खांद्यावर हात ठेवला होता.

“मग मला ‘नाही’ असं का नाही म्हणालात?”

“घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं?” काकांना खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचाच देवदत्तला जास्त संताप आला. “आणि खरं सांगू? आम्हीसुद्धा रांगेत उभे राहिलो. नियमाप्रमाणे आलो. प्रत्येकाने आपली रांग लावावी. त्यात चूक काय आहे?”

“तुमची रांग एका हिवाळ्याची होती!” देवदत्त ओरडला. “माझी रांग माझ्या मरणापर्यंत आहे. मी लावतो, मरेपर्यंत लावतो, मला काही वाटत नाही. पण हिला तुम्ही रांगेतून ढकलताय. नात म्हणता ना? बघा तिच्याकडे. तुमच्या भाषणातली पुढची पिढी ती दाराशी उभी आहे. तीन वर्षांची होती तेव्हापासून तुमच्या स्टेजवर नाचली ती. तुमच्या गणपतीची आरती पाठ केली. आणि तुम्हाला तिच्यासाठी मतदान केंद्रापर्यंत गाडी काढायला जड झालं? नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं. तुमच्यातले पंचवीस जण मला दारातच नाही म्हणाले असते तर मी दुसरी दारं वाजवली असती. तुमच्या चिवड्याने माझा घात केला.”

रुचा पुढे आली आणि तिने त्याची बाही धरली. “बाबा, लेट्स गो.”

तेव्हा पहिल्या रांगेतून पद्मिनीकाकू उठल्या. त्या नऊवारीत होत्या, केसांत गजरा होता, आणि चेहरा लालबुंद झाला होता.

“मी नाही दिलं अजून मत,” त्या म्हणाल्या.

“तू कुठे निघालीस या थंडीत?” काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या देवदत्तशी बोलत होत्या, आणि बोलणं गोड नव्हतं. “तू इतका तावातावाने बोलतोस, तर माझंही ऐक. तू घरी आलास, तासभर बसलास. यांना विचारलंस, यांना समजावलंस. मी लाडू भरत होते स्वयंपाकघरात. माझं मत काय, विचारलंस? माझ्या नावापुढे काय लिहिलंस तू?”

देवदत्तने खिशातला फोन काढला; काकूंच्या नावापुढे एक होता.

“माझं मत यांच्या खिशात असतं, असं तुला कोणी सांगितलं? सिटिझन झाल्यापासून एकदाही कोणी मला विचारायला आलं नाही. तू आलास, आणि तूही विचारलं नाहीस. इतक्या घरी गेलास, एका तरी बाईला विचारलंस?”

विचारलं नव्हतं. एकाही घरी नाही. मुलीसाठी जीव टाकणाऱ्या या माणसाला प्रत्येक घरातली अर्धी माणसं दिसलीच नव्हती. आता राग कोणावर काढायचा तेच त्याला कळेना.

“रुचा, गाडीत जागा किती आहे ग?” काकूंनी विचारलं.

“सेव्हन, काकू. इफ वी स्क्वीझ, एट.”

काकूंनी नऊवारीवर जाडजूड कोट चढवला. त्यांच्यामागून आणखी बायका उठल्या, काही चटकन, काही नवऱ्याकडे एकदा बघून. दोन पुरुषही उठले, मान खाली घालून. गाडीत सगळे दाटीवाटीने बसले. काचा बंद, गजऱ्यांचा वास, आणि रुचा दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून घसरत्या रस्त्यावर गाडी सांभाळत होती.

मतदान केंद्र म्हणजे प्राथमिक शाळेचं जिम. रुचा याच शाळेत शिकली होती. बायका आणि ते दोन पुरुष आत गेले. बापलेक बाहेर बर्फात उभे राहिले, कारण आत त्यांचं काही काम नव्हतं. काकू बाहेर आल्या तेव्हा कोटावर मत दिल्याचा स्टिकर होता.

“कोणाला दिलं ते विचारू नकोस,” त्या देवदत्तला म्हणाल्या. “तशी तुला विचारायची सवय नाहीच म्हणा.” मग त्यांनी रुचाचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ चोळले.

कोवाल्स्की मिशिगनमध्ये हरली. थोडक्यात हरली, पण एवढ्याही थोडक्यात नाही, की नोव्हायच्या मराठी घरांनी तिला तारलं असतं. डेनीस गाद्यांच्या दुकानात खुर्चीवर बसून रडली आणि मग शिव्या देत पाट्या काढायला लागली. महिन्याभरात कोवाल्स्कीने माघार घेतली. देवदत्तला लोक समजावत राहिले, की बघ, तसाही काही फरक पडला नसता. त्याला तेच ऐकवत नव्हतं. हरण्याचं त्याला दुःख होतं, राग त्या होकारांचा होता. शत्रूने दार आपटलं असतं तर तो दुसऱ्या दाराकडे वळला असता. आपल्यांनी दार उघडून, बसवून, चहा पाजून त्याचा वेळ खाल्ला.

मे महिन्यात रुचाला एकवीस पूर्ण झाली. त्या आठवड्यात वकिलाचा निरोप आला, तिचं नाव अर्जातून निघालं. आता तिने परदेशी विद्यार्थिनीचा व्हिसा मागायचा, आणि ग्रीन कार्डासाठी पुढे कधीतरी रांगेच्या अगदी शेवटी उभं राहायचं. रुचा रडली नाही. तिने कॅनडातल्या टोरंटोच्या हॉस्पिटलांची माहिती काढायला सुरुवात केली, आणि ते बघून सुवर्णा रडली.

वाढदिवसाच्या संध्याकाळी अतुलकाका आले, नेहमीसारखे. हातात भेटवस्तूचं पाकीट, चेहऱ्यावर तोच मायाळू भाव. पद्मिनीकाकू सोबत नव्हत्या. त्यांनी सकाळीच रुचाला फोन केला होता आणि दोघी खूप वेळ बोलल्या होत्या. सुवर्णाने सवयीने गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

काका सोफ्यावर बसले. हवापाण्याचं बोलले, केकचं कौतुक केलं. मग त्यांनी रुचाला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“वाईट वाटून घेऊ नकोस, बेटा. पुढच्या इलेक्शनला आपण सगळे मिळून करू. पुढच्या वेळी नक्की.”

देवदत्तच्या कपाळाची शीर उडत होती, पण या वेळी रुचा त्याच्या आधी बोलली.

“पुढच्या वेळी मी पंचवीसची असेन, काका. मी इथे नसेन.”

“असं कसं? काहीतरी होईलच ना. बघू आपण.”

स्वयंपाकघरात आधण उकळायला लागलं होतं. सुवर्णा उठली. आत गेली आणि तिने गॅस बंद केला. मग बाहेर येऊन दाराशी उभी राहिली, आणि काकांचे बूट बाहेरच्या दिशेने सरळ करून ठेवले.